एकाच पॅनमध्ये न्योकी: चौघांचं रात्रीचं जेवण अर्ध्या तासात

पांझराकाठ
न्योकी म्हणजे उकडलेला बटाटा आणि मैदा यांच्या छोट्या गोळ्या. इटलीत घरोघरी होतात. व्हिडिओंमध्ये दिसतो तो थाट असा: एका शेगडीवर पातेलंभर उकळतं पाणी, दुसरीवर सॉस, मध्ये चाळणी. कामावरून आल्यावर एवढा पसारा कोण मांडणार? म्हणून इथे एकाच पॅनची कृती देतोय. गोळ्या पाण्यात उकळायच्या नाहीत. आधी तेलात परतून काढायच्या, त्याच पॅनमध्ये सॉस करायचा आणि गोळ्या परत त्यात सोडायच्या.

चौघांना पाकिटातली न्योकी ५०० ग्रॅम पुरते, कारण सोबत भाजी आणि चीज आहे. टोमॅटो ४०० ग्रॅम (मध्यम पाच), कांदा एक, लसूण सहा-सात पाकळ्या, पालक एक छोटी जुडी म्हणजे निवडून साधारण १०० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, लोणी १ मोठा चमचा, फ्रेश क्रीम ६० मिली, किसलेलं चीज ६० ते ८० ग्रॅम, लाल मिरचीचे तुकडे अर्धा छोटा चमचा, मीठ, चिमूटभर साखर, गरम पाणी १०० मिली.

पॅन २८ सेंटीमीटरचा, सपाट बुडाचा. मध्यम आचेवर दोन मिनिटं तापू द्या, तेल घाला, गोळ्या एका थरात पसरा. तीन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू सोनेरी झाली की गोळी आपसूक सुटते. उलटून आणखी दोन मिनिटं. ताटात काढा. आता लोणी, कांदा तीन मिनिटं, लसूण आणि मिरची अर्धा मिनिट, मग बारीक चिरलेला टोमॅटो, मीठ आणि साखर. टोमॅटो गळून कडेने तेल दिसेपर्यंत सहा-सात मिनिटं. गरम पाणी घाला, पॅनच्या बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या, चव त्यातच असते. पालक घाला, एक मिनिट. आच अगदी बारीक करून क्रीम. गोळ्या परत सोडा, दोन मिनिटं हलक्या हाताने हलवा. वरून चीज, झाकण, एक मिनिट, गॅस बंद.

चिरण्यासकट पंचवीस मिनिटं. प्रश्न विचारा.

चोपडा_चटका
हाई पाकीट कोठे भेटी, भाऊ? आमच्या किराणा दुकानात पास्ता मिळतो तेच खूप.

पांझराकाठ
मोठ्या सुपरमार्केटात किंवा ऑनलाइन. शीतकपाटाबाहेर ठेवलेलं हवाबंद पाकीट घ्या. ते भरतानाच गरम प्रक्रियेतून गेलेलं असतं, म्हणून थेट परतता येतं. घटकांची यादी वाचा: बहुतेकांत आम्लता राखणारा पदार्थ असतो, त्यामुळे पाकीट फोडल्यावर किंचित आंबूस वास येतो. तो खराब झाल्याचा वास नव्हे. परतल्यावर जातो. गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतील तर पॅनवर टाकायच्या आधी हाताने मोकळ्या करा. पॅनमध्ये उलथन्याने तोडायला गेलात तर फाटतात.

पाकीट नसेल तर घरी करा, साहित्य तुमच्याकडे आहेच.

यावलची_ताई
मग घरचं प्रमाण द्या दादा. नेटवर कोणी किलोला पाव किलो मैदा सांगतं, कोणी अर्धा किलो. एवढा फरक कसा?

पांझराकाठ
ताई, फरक बटाट्यातल्या पाण्याचा आहे. मैदा हा बटाट्याच्या पाण्याला दिलेला उतारा. बटाटा कोरडा तर मैदा कमी, बटाटा पाणीदार तर मैदा जास्त, आणि मैदा जास्त झाला की गोळी पिठाळ आणि चिवट. म्हणून लक्ष मैद्यावर नको, बटाट्यावर ठेवा.

चौघांना: बटाटे ६०० ग्रॅम. सोलून साधारण ५४० उरतो. मैदा १४० ग्रॅम, त्यातला २० ग्रॅम हाताशी ठेवायचा, लागला तरच घालायचा. मीठ पाऊण छोटा चमचा. अंडं नको. अंड्याने गोळी बांधली जाते खरी, पण तेवढीच ओल वाढते आणि पुन्हा मैदा मागते.

बटाटे सालासकट, अख्खे, एकाच आकाराचे. कुकरच्या तळाशी पाणी, वर जाळी किंवा कोरडं भांडं, त्यात बटाटे. पाण्यात बुडवून उकडू नका. मध्यम बटाट्याला चार शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्या. साल तडकलेला बटाटा आतून पाणी पितो, तो बाजूला काढा, भाजीत घाला. गरम असतानाच सोला, गरम असतानाच कुस्करा आणि ताटात पातळ पसरून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या. ही दहा मिनिटं वाचवणाऱ्याला पुढे ५० ग्रॅम मैदा जास्त लागतो.

मग मीठ, मैदा भुरभुरवा, बोटांनी एकत्र आणा, दाबून गोळा करा. मळायचं नाही. पोळीच्या कणकेची सवय इथे घात करते. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे लवचीक प्रथिन, ताणलं जातं आणि गोळी रबरी होते. गोळा एक झाला, आतून किंचित ठिगळासारखा दिसतोय, तिथेच थांबा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या वळ्या करा, सुरीने दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे पाडा.

कच्च्या गोळ्या परतताना एक पायरी वाढते: दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की ५० मिली गरम पाणी, झाकण, दोन मिनिटं. नाहीतर आतला मैदा कच्चा राहतो. घरच्या गोळ्या साधारण पावणेसातशे ग्रॅम भरतात, २८च्या पॅनमध्ये एका थरात मावत नाहीत. दोन घाणे करा.

सातपुडा_पायथा
काट्याने रेघा पाडायच्या ना? फोटोत असतात.

पांझराकाठ
या कृतीत नको. उकळून सॉसमध्ये घोळवायच्या असतील तर रेघांत सॉस धरतो. परतायच्या असतील तर सपाट बाजू जास्त लाल होते. शिवाय शंभराच्या आसपास गोळ्यांना रेघा पाडत बसलं तर झटपट कसलं?

पुरणयंत्र
कुस्करण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. परदेशी कृतींत बटाटा दाबून तारांसारखा काढायचं यंत्र सांगतात, ते विकत घेण्याची काही गरज नाही. आपलं पुरणयंत्र, बारीक जाळी लावून, हेच काम करतं. बटाटा गरम असताना फिरवा, खाली मोकळा भुगा पडतो.

मिक्सर चुकूनही नाही. बटाट्याच्या पेशींत शिजून फुगलेला स्टार्च असतो. पात्याने पेशी फुटल्या की तो बाहेर येतो आणि डिंकासारखा लगदा होतो. त्यात कितीही मैदा घाला, तो परत सुका होत नाही. पावभाजीच्या मॅशरने जोरजोरात ठेचलं तरी थोडंफार हेच होतं. किसणीवर किसलं तर चालतं, फक्त बटाटा पूर्ण शिजलेला हवा. मध्ये कडक राहिलेला भाग किसात खडे सोडतो आणि गोळी तिथेच फुटते.

शेवेच्या सोऱ्यातून काढायची कल्पना डोक्यात आली असेल तर फक्त बटाट्यासाठी, मोठ्या भोकाची चकती लावून. मैदा घातलेला गोळा सोऱ्यातून दाबू नका, पुन्हा तेच रबर.

धुळेकर_आप्पा
बटाटा कुठला घ्यायचा हे सांगितल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

जानेवारी ते मार्चमध्ये येणारा नवा बटाटा, पातळ सालीचा, नखाने साल निघणारा, न्योकीला नको. पाणी फार. जुना, साल जाड झालेला, पण कोंब न फुटलेला घ्या. वाणात सांगायचं तर कुफरी पुखराज पाणीदार, भाजीला ठीक. कुफरी चिप्सोना किंवा लेडी रोझेटा हे चिप्सचे वाण, त्यांत घन भाग २० टक्क्यांच्या वर असतो, न्योकीला उत्तम. बाजारात वाणाचं नाव कोणी सांगत नाही, पण चिप्स-पापडासाठीचा बटाटा मागितला की विकणाऱ्याला कळतं. ज्योती मधला पर्याय.

शीतगृहातल्या बटाट्याची एक गंमत: थंडीत त्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते. म्हणून तो परतताना लवकर काळपट होतो आणि चव गोडसर लागते. घरी आणून काही दिवस बाहेर, अंधारात, हवेशीर जागी ठेवला की फरक पडतो. फ्रिजमध्ये ठेवला की उलटा बिघडतो.

यावलची_ताई
आप्पा, आणि घरात आहे तोच बटाटा वापरायचा असेल तर?

धुळेकर_आप्पा
तर कुस्करलेला बटाटा पॅनमध्ये बिनतेलाचा दोन-तीन मिनिटं मंद आचेवर परता. बुडाला पांढरट थर धरायला लागला की पाणी पुरेसं गेलं. तोच पॅन पुढे वापरायचा आहे, त्यामुळे भांडं काही वाढत नाही.

केळीबाग_रावेर
बटाट्यावर एवढी चर्चा आणि रावेर-यावलच्या माणसांनी कच्च्या केळीचं नाव काढू नये? केळीची न्योकी बटाट्यापेक्षा सोपी आहे. कांदा-लसूण, कंदमुळं न खाणाऱ्या घरांत तर हा चांगला पर्याय.

कच्ची केळी चार, सालीसकट साधारण ५०० ते ५५० ग्रॅम. सोलून ३०० ग्रॅमच्या आसपास गर. मैदा ६० ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, मिरपूड, तूप १ छोटा चमचा. हे दोघा-तिघांना. चौघांना सहा केळी धरा आणि मैदा ९० ग्रॅम.

केळी पूर्ण हिरवी आणि कडक हवी. सालीवर पिवळी झाक आली म्हणजे आत साखर व्हायला लागली. मग गोळा चिकट होतो आणि पॅनमध्ये आत शिजायच्या आधी बाहेर करपतो. दोन्ही टोकं कापा, हाताला आणि सुरीला तेल लावा, चीक लागत नाही. सालीसकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या. साल काढून लगेच किसा. केळी बटाट्यासारखी वाट पाहत नाही, गार झाली की स्टार्च घट्ट होतो आणि गर खडबडीत तुकड्यांत मोडतो. कोमट असेपर्यंत मैदा घालून गोळा झाला पाहिजे. रंग करडा पडतो, त्याचं टेन्शन नको. उकडायच्या पाण्यात लिंबाची अर्धी फोड टाकली तर कमी पडतो.

परतताना तेल अर्धा चमचा जास्त, केळी तेल पिते. आणि सॉसमध्ये दोन मिनिटांऐवजी एकच मिनिट.

चोपडा_चटका
जी-नाईन चालेल का? भाजीची केळी वेगळी असते म्हणतात.

केळीबाग_रावेर
चालते. भाजीचे वाण वेगळे आहेत खरे, पण आपल्याकडे बागेत ग्रँड नैन, म्हणजे जी-नाईनच, तीच सर्वत्र मिळणार. कच्ची असेपर्यंत तिच्यातही स्टार्चच असतो. फक्त भरलेली फणी घ्या. कोवळी, धारदार कडा असलेली केळी उकडल्यावर तुरट लागते.

अमळनेरची_आक्का
एक विचारू का? आपले डुबुकवडे असताना हे सगळं कशासाठी? कढईत रस्सा, त्यात बेसनाचे वडे सोडले, झालं. एकच भांडं, ना बटाटा उकडणं ना यंत्र.

पांझराकाठ
आक्का, डुबुकवड्यांना विरोध नाहीच. प्रमाण टाका ना इथे, धाग्यात शोभेल.

अमळनेरची_आक्का
घ्या. बेसन १५० ग्रॅम, बारीक चिरलेला कांदा एक, कोथिंबीर, ओवा पाव चमचा, तिखट, हळद, मीठ, आणि तेल १ मोठा चमचा. पाणी थोडं थोडं घालत ९० ते १०० मिलीपर्यंत. पीठ भज्यापेक्षा घट्ट, बोटांवरून सावकाश पडेल असं. रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा, काळा मसाला २ छोटे चमचे, पाणी सव्वा लिटर. पाणी जास्त वाटेल, पण बेसन पितं. रस्सा खळखळ उकळत असताना वडे सोडायचे आणि ते वर येईपर्यंत चमचा घालायचा नाही. आच कमी असेल तर वडा तळाशी बसतो, विरघळतो आणि रस्स्याचं पिठलं होतं. वर आले की मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं. एक वडा मोडून पाहायचा, मधोमध पिवळं कच्चं बेसन दिसायला नको.

वडे घट्ट झाले तर पीठ जास्त घट्ट होतं किंवा तेल विसरलं. सोडा घालू नका, रस्स्यात फुटतात.

पुरणयंत्र
आक्कांनी लिहिलेलं "वर येईपर्यंत चमचा नाही" हे न्योकीलाही लागू. उकळत्या पाण्यात करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आणि पॅनमध्ये त्याचंच दुसरं रूप: पहिली तीन मिनिटं उलथनं बाजूला ठेवा. बाहेरचा थर बसायच्या आधी हलवलं की दोन्ही पदार्थ फुटतात.

सातपुडा_पायथा
मैदा टाळायचा आहे. ज्वारीचं पीठ चालेल? दादर ज्वारी आहे घरात.

पांझराकाठ
नुसतं कच्चं ज्वारीचं पीठ घातलं तर गोळी परतताना भुगा होते, ज्वारीत ग्लुटेन नाही. भाकरीला करता तशी उकड काढा: ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, उकळतं पाणी ७० मिली, मीठ, झाकून पाच मिनिटं, मग तेलाच्या हाताने मळा. इथे मात्र मळायचं, उलट जोरात. ४०० ग्रॅम कोरड्या कुस्करलेल्या बटाट्यात ही उकड मिसळा. गोळी जरा लहान करा आणि एकदाच उलटा. पूर्ण ग्लुटेनमुक्त हवं नसेल तर ४० ग्रॅम मैदा मिसळा, बरीच सोय होते.

कणीक चालते, पण मैद्यापेक्षा जास्त पाणी शोषते. १४० ऐवजी १२० ग्रॅम घ्या आणि गोळा पाच मिनिटं थांबवून मगच ठरवा अजून हवी का. रंग मातकट येतो.

धुळेकर_आप्पा
रव्याचाही प्रकार आहे, रोमकडचा. त्यात बटाटाच नसतो. एक लिटर दुधात २५० ग्रॅम रवा शिजवून ताटात थापतात, गोल चकत्या पाडतात, वर लोणी-चीज घालून भट्टीत भाजतात. आपण बेसनाच्या पातोड्या थापतो त्याच अंगाचं काम. भट्टी नसेल तर चकत्या पॅनमध्ये लोण्यावर परता. पण थापून गार व्हायला तास जातो, तेव्हा कामाच्या दिवशी नाही.

चोपडा_चटका
सॉस फाटला. क्रीम नव्हतं म्हणून दूध घातलं. टोमॅटोवर दुधाच्या गुठळ्या तरंगतायत.

पुरणयंत्र
टोमॅटोचं आम्ल आणि उकळी, दोन्ही एकदम मिळाले की दुधातलं प्रथिन आकसतं. दुधात स्निग्धांश कमी, म्हणून लगेच. टेट्रापॅकमधल्या क्रीममध्ये तो २५ टक्के असतो, म्हणून ते बराच वेळ टिकतं, पण उकळत्या सॉसमध्ये तेही कधी कधी दगा देतं.

घरची साय घालायची असेल तर ३ मोठे चमचे, फेटून एकजीव करून, आणि आधी पॅनमधला दोन चमचे गरम सॉस सायीत मिसळून मग साय पॅनमध्ये. दूधच असेल तर १०० मिली दुधात १ छोटा चमचा मैदा कालवून घाला आणि पाणी घालू नका. फाटलेल्या सॉसमध्ये चीज घालून जोरात ढवळलं तर दिसायला सुधारतं, चवीला तसाही फरक नसतो.

भरीत_बामणोद
क्रीम, चीज सगळं बाजूला ठेवून एक सांगू? हिवाळ्यात भरिताच्या वांग्यावर न्योकी करा.

मोठं हिरवट-पांढरं वांगं एक, ५०० ग्रॅम. काट्याने टोचून, तेलाचा हात लावून थेट गॅसवर भाजा, पंधरा मिनिटं, फिरवत. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजता आलं तर प्रश्नच नाही. साल काढून ३०० ग्रॅम गर उरतो, सुरीने जाडसर चिरा, लगदा करू नका. पॅनमध्ये गोळ्या परतून काढल्या की तेल ३ मोठे चमचे, शेंगदाणे २ मोठे चमचे परता, त्यावर सहा हिरव्या मिरच्या आणि आठ लसूण पाकळ्यांचा जाडसर ठेचा. लसूण लाल होऊ देऊ नका. वांग्याचा गर, मीठ, तीन मिनिटं. गरम पाणी १२० मिली, वांगं सैल झालं की गोळ्या, एक मिनिट, वरून मूठभर कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही, लिंबू नाही.

चीज घालायचा मोह आवरा. वांग्याचा धुरकट वास चीज झाकून टाकतं.

यावलची_ताई
जिभाऊ, पोरं एवढं तिखट खातील का?

भरीत_बामणोद
मिरच्या दोनवर आणा आणि बिनतिखटाच्या, लांब पोपटी घ्या. शेंगदाणे वाढवा. लसूण कमी करू नका.

सातपुडा_पायथा
काळ्या मसाल्याच्या रस्स्यात टाकली तर? शेवभाजीसारखी?

भरीत_बामणोद
टाकता येते, पण मला पटत नाही. मसाला इतका जोरदार की बटाटा कुठे गेला ते कळत नाही.

अमळनेरची_आक्का
मला पटतं. फक्त रस्सा शेवभाजीपेक्षा दाट करा, मसाला चौघांना दीड छोटा चमचाच, आणि गोळी ताटात वाढायच्या वेळी घाला. शेव शेवटी का घालतात? तेच इथे. गोळी पातळ रस्स्यात पाच मिनिटं राहिली की फुगते, दहा मिनिटांत फुटते. खरपूस भाजलेली असेल तर तेवढा वेळ जास्त मिळतो.

चोपडा_चटका
लोखंडी कढई चालेल? आणि बिडाचा तवा?

पांझराकाठ
गोल बुडाची कढई नको, गोळ्या मध्ये गोळा होतात आणि वाफेत शिजतात, लाल होत नाहीत. बिडाचा सपाट खोलगट पॅन परतायला सर्वांत चांगला, उष्णता धरून ठेवतो. अडचण टोमॅटोची. आंबट सॉस बिडात आणि लोखंडात जास्त वेळ राहिला तर तेलाचा बसलेला थर निघतो, सॉस काळसर होतो आणि लोखंडाची चव उतरते. त्यात दहा मिनिटांच्या वर टोमॅटो शिजवू नका आणि जेवण झाल्यावर उरलेलं लगेच काढा. वांग्याच्या कृतीला बीड बिनधास्त वापरा, तिथे आंबट काही नाही.

स्टीलच्या पॅनमध्ये चिकटत असेल तर पॅन पुरेसा तापला नव्हता. पाण्याचा थेंब टाका, तो चुर्र होऊन जिरला तर थांबा, मोत्यासारखा घरंगळला की तेल घाला.

पुरणयंत्र
गोळ्या लाल न होता पांढऱ्या आणि ओलसर राहतात ही तक्रार नेहमी येते. कारण जवळजवळ नेहमी गर्दी. पॅनमध्ये बोट शिरेल एवढी फट दिसली पाहिजे. दुसरं कारण फ्रिजमधून काढून थेट टाकलेल्या, घाम आलेल्या गोळ्या. कापडावर टिपून घ्या.

केळीबाग_रावेर
आणि तुळशीचं काय करता? मूळ कृतीत बेसिल असतं.

धुळेकर_आप्पा
आपली तुळस घालू नका, उग्र लागते, शिवाय ती खायला तोडलेली घरात कोणाला चालायची नाही. सब्जा ज्या झाडाचा, त्याची पानं त्याच बेसिलच्या जातीची. कुंडीत सब्जा पेरला की पानं मिळतात. गॅस बंद केल्यावर हाताने तोडून घाला. नाहीतर कोथिंबीर, त्यात कमीपणा काही नाही.

यावलची_ताई
रविवारी करून ठेवल्या तर आठवडाभर चालतील का?

पांझराकाठ
कच्चा गोळा फ्रिजमध्ये ठेवू नका. दोन तासांत पाणी सुटतं, चिकट होतो आणि काळपट पडतो. कापलेल्या गोळ्या मैदा भुरभुरलेल्या ताटात, एकमेकींना न टेकता, फ्रीझरमध्ये दोन तास. दगड झाल्या की पिशवीत भरा. महिनाभर चालतात.

वापरताना वितळवायच्या नाहीत, वितळल्या की लगदा. नॉनस्टिक पॅनमध्ये गोठलेल्याच पसरा, ८० मिली पाणी, झाकण, चार मिनिटं. झाकण काढून पाणी पूर्ण आटवा, मग तेल घालून लाल करा. तेल आधी घातलं तर बर्फाचं पाणी तडतडून अंगावर येतं. ही पद्धत पाकिटातल्यांना लागत नाही.

सॉसमध्ये घातलेलं उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस. गरम करताना ३ मोठे चमचे पाणी आणि झाकण, कारण रात्रीतून गोळ्यांनी सॉस पिऊन टाकलेला असतो.

अमळनेरची_आक्का
सोबत काय? भाकरी जड होईल.

भरीत_बामणोद
टोमॅटोवाल्याला काही नको, काकडी-कांदा पुरे. वांग्यावाल्याबरोबर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, पण मग न्योकी अर्धी करा, २५० ग्रॅम. बटाटा, मैदा आणि वर अख्खी भाकरी म्हणजे शेतावर जाणाऱ्याचं जेवण.

सातपुडा_पायथा
पाहुणे आले, आठ जण आहेत. पॅन एकच. सगळं दुप्पट करू?

पांझराकाठ
साहित्य दुप्पट, एक गोष्ट सोडून: पाणी १०० चं १५० च करा. पॅनचं तोंड तेवढंच, त्यातून वाफ तेवढीच जाणार, दुप्पट पाणी आटायला पंधरा मिनिटं जातील आणि पालक काळा पडेल. गोळ्या तीन घाण्यांत परता, प्रत्येक घाण्याला एक चमचा नवं तेल. परतलेल्या गोळ्या ताटात पसरून उघड्याच ठेवा, झाकल्या की वाफ धरून मऊ पडतात. माश्यांसाठी जाळी टाका. २८च्या पॅनमध्ये आठ जणांचा सॉस आणि गोळ्या एकदम हलवता येत नाहीत, म्हणून अर्धा सॉस वाटीत काढून चौघांची पहिली पंगत वाढा, मग उरलेला सॉस पॅनमध्ये गरम करून दुसरी.